पायली आणि एकोणिसावा रकाना

भिंगारच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या रंगनाथ निमसे सरांना एकोणीसशे एकाहत्तरच्या नोव्हेंबरात पुण्याहून एक लांबट पाकीट आलं, आणि त्या आठवड्यापासून त्यांच्या घरातली जेवायला बसायची जागा गेली.

पाकीट 'दख्खन लोकविद्या संशोधन मंडळा'चं होतं. सरांनी सहा महिन्यांपूर्वी तिथे अर्ज केला होता. विषय: 'नगर जिल्ह्यातील जुनी धान्यमापे आणि त्यांतील गावोगावचा फरक'. ऐकायला विषय कोरडा खरा, पण सरांना त्याने पछाडलं होतं. किलो आणि लिटर येऊन दहा वर्षं होत आली होती. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं ही घराघरांतली मापं माळ्यावर नाहीतर मोडीत चालली होती. गंमत अशी की, पायली म्हणजे चार शेर हे पुस्तकात सगळीकडे सारखंच असलं, तरी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी कधी जुळत नसे. किती जुळत नसे, हे मात्र कोणी मोजलेलं नव्हतं. ते आपण मोजावं, एवढीच सरांची इच्छा. मंडळाने अडीचशे रुपये मंजूर केले होते, दोन हप्त्यांत. पहिल्या सव्वाशेचा चेक सोबत होता.

चेकच्या मागोमाग अट होती. 'संशोधकाने खर्चाचा तक्ता आडव्या व उभ्या रकान्यांत दरमहा सादर करावा. आडवी बेरीज व उभी बेरीज जुळल्याखेरीज दुसरा हप्ता दिला जाणार नाही.'

सरांना हसू आलं. "मुक्ता, ऐकलंस का? मला बेरीज करायला सांगतायत. मला!"

मुक्ताबाई भाकरी थापत होत्या. "करा की मग. दुधाचा मागच्या महिन्याचा हिशेब अजून लागायचाय, तोही त्यात घाला."

सरांनी हे न ऐकल्यासारखं केलं. विद्वानाला घरात हे करावंच लागतं.

रविवारी सकाळी त्यांनी एका ड्रॉइंग पेपरवर चार सुबक रकाने आखले: प्रवास, भोजन, लेखनसाहित्य, किरकोळ. आखून होतात न होतात तोच शेजारचे बन्सीभाऊ लोखंडे दारात उभे राहिले. बन्सीभाऊ छत्तीस वर्षं फौजेच्या डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नव्हती. शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी ते भिंतीवर खडूने तारीख टाकायचे.

त्यांनी चष्मा पुसून कागद पाहिला आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"चारच रकाने?"

"पुरेत की, बन्सीभाऊ."

"सर, चार रकान्यांत आमी डेपोतला झाडूबी दिला नसता. आन् हे किरकोळ म्हंजे काय? किरकोळ म्हंजे मागचा दरवाजा! सगळी अफरातफर ह्याच दारानं जाती. किरकोळ फोडा."

सरांनी किरकोळ फोडलं. त्यातून चहा, टपाल, हमाली, शाई आणि टाचण्या बाहेर पडल्या. मग बन्सीभाऊंनी विचारलं की, खर्च व्हायच्या आधी किती होईल वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती झाला, हे कुठे लिहिणार? म्हणून दर बाबीपुढे 'अंदाज' आणि 'प्रत्यक्ष' आले. तारीख आणि एकूण धरून दुपारपर्यंत अठरा रकाने झाले, आणि कागद पुरेना म्हणून त्याला दुसरा चिकटवला, दुसऱ्याला तिसरा. चिकटवायला मुक्ताबाईंनी खळ करून दिली आणि सांगितलं, "वाटीभर पीठ गेलं. तेही लिहा."

आता पिठाला रकाना नव्हता. तो लेखनसाहित्यात घातला तर लेखनसाहित्याची बेरीज बदलली. ती बदलली म्हणून आडवी बदलली. आडवी बदलली म्हणून शेवटची एकूण बदलली. सरांनी सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं. यात एक खोडरबर संपला. नवा दहा पैशांना आणला. ते दहा पैसे लिहिण्यासाठी पुन्हा सगळं खोडावं लागलं. मंगळवारपर्यंत सरांच्या लक्षात आलं की, अजून घराबाहेर पाऊलसुद्धा न टाकता आपल्या संशोधनावर एक रुपया पाच पैसे खर्च झाले आहेत, आणि त्यातले तीस पैसे खोडण्यावर.

तक्ता सात फूट लांब झाला होता. गुंडाळला तर खळ लावलेले जोड उकलत, म्हणून तो चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पसरलेला असे. नवराबायको भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन, ताट मांडीवर ठेवून जेवत. मुक्ताबाईंनी आठवडाभर सोसलं आणि मग एका संध्याकाळी शांतपणे विचारलं, "अहो, ही मापं मोजायला तुम्ही जाणार कधी?"

डिसेंबरात सर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोल्याकडे निघाले. बरोबर पाच लिटरचा एक डबा, त्यात काठोकाठ राळे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं लिटरच्या खुणांचं काचेचं नळकांडं. पद्धत साधी होती. गावातलं माप राळ्याने भरायचं, ते राळे नळकांड्यात ओतायचे आणि आकडा टिपायचा. राळे का, तर दाणा बारीक, गोल आणि फटी न ठेवणारा. यावर सरांनी दीड पान लिहून ठेवलं होतं.

अकोल्याच्या वर डोंगरात, भाताच्या खाचरांच्या कडेला रतनबाईंचं घर होतं. सर तिथे पोचले तेव्हा उन्हं कलली होती. रतनबाईंनी लाकडाची, पितळी कडं बसवलेली पायली काढून दिली, आणि पाहुणा मोजतोय तोवर चुलीवर तांदूळ चढवला. घरच्या तांदळाचा वाफाळता भात, त्यावर उडदाचं वरण. सर तीन वेळा 'पुरे' म्हणाले आणि तीनदा भात वाढला गेला. हात धुतल्यावर त्यांनी खिशातून रुपया काढला. रतनबाईंनी त्या रुपयाकडे असं पाहिलं की सरांनी तो खिशात घातला. पण रकाना आठवला आणि त्यांनी चाचरत विचारलं, "मग निदान जेवल्याची पावती तरी द्याल? अंगठा चालेल."

"जेवल्याची पावती?" रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. "बाबा, ढेकर दिलास ना? तीच पावती."

दुसऱ्या घरी असंच झालं, तिसऱ्या घरीही. तीन दिवसांत सरांनी सात पायल्या मोजल्या, आणि त्यांचे पैसे खर्च झाले ते फक्त गाडीभाड्यावर. एकच नुकसान झालं. परतायच्या दिवशी डबा ओट्यावर उघडा राहिला आणि रतनबाईंच्या कोंबड्यांनी त्यातले दोन बोटं राळे फस्त केले.

भिंगारला बन्सीभाऊंनी ही घटना गंभीरपणे घेतली. "शॉर्टेज," ते म्हणाले. "ह्याला चौकशीचं बोर्ड बसवावं लागतं. कोंबड्या किती?"

"चार. पाच असतील."

"चार का पाच?"

"बन्सीभाऊ, मी मोजल्या नाहीत."

"मोजमापाचं काम करता आन् कोंबड्या मोजल्या न्हाईत!" बन्सीभाऊंनी मान हलवली. सरांना हे लागलं. त्यांनी तक्त्यात 'घट: राळे, अंदाजे पाऊण शेर, कारण कोंबड्या (संख्या अनिश्चित)' अशी नोंद केली आणि महिनाअखेर तक्त्याची नक्कल पुण्याला पाठवली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या तक्त्यावरून असे दिसते की, सदर संशोधक डिसेंबर महिन्यात तीन दिवस उपाशी होते. त्याच काळात कोंबड्यांनी मात्र आहार घेतला आहे. कृपया खुलासा करावा.'

सरांनी दोन पानी खुलासा लिहिला. मुक्ताबाईंनी वाचला आणि त्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत राहिल्या. सर म्हणाले, यात हसण्यासारखं काही नाही. त्यावर त्यांना आणखी हसू आलं.

जानेवारीत खर्डा ठरला. जामखेडच्याही पुढे, कोरड्या मुलखातलं, किल्ल्याचं गाव. तिथला बाजार मोठा, म्हणजे मापंही भरपूर असणार. निघताना बन्सीभाऊंनी मायेने आपली खाकी हॅट आणि चामड्याची सरकारी थाटाची बॅग आणून दिली. "तिकडचं ऊन लई वाईट. डोकं झाका." ही हॅट सरांच्या डोक्यावर बसली तिथेच पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात झाली. पण हॅट आरशात बरी दिसत होती, आणि विद्वानालाही कधीतरी आरशात बरं दिसावंसं वाटतं.

खर्ड्याच्या बाजारात खाकी हॅट, टेरिलिनची पँट, चामड्याची बॅग आणि काचेचं खुणांचं नळकांडं असा माणूस शिरला. पहिल्या दुकानदारापाशी जाऊन त्याने विचारलं, "आपल्याकडे जुनी पायली आहे का?"

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "छे छे, सायेब! पायली? दहा वर्सं झाली. लिटर, फकस्त लिटर!"

बातमी सरांच्या पुढे पळत होती. ते दुसऱ्या दुकानात पोचेपर्यंत तिथे चहा तयार होता. तिसऱ्यात चहा आणि पेढा. कानिफनाथ नावाच्या किराणा दुकानदाराने तर स्वतःची गादी झटकून दिली, सरांचा राळ्याचा डबा आदराने काउंटरवर ठेवला आणि लहान मुलाला विचारावं तशा आवाजात विचारलं, "सायेब, डब्यात काय म्हनं?"

"राळे आहेत."

"वा! राळं लई चांगलं." कानिफनाथ डब्याभोवती दोन मिनिटं काहीतरी करत राहिला.

दिवसभरात सरांना एकही पायली दिसली नाही. मान मात्र इतका मिळाला की, आपल्या विषयाबद्दल इथल्या लोकांना केवढी आस्था आहे, या विचाराने त्यांना गहिवरून आलं. परतीच्या गाडीत त्यांनी सहज डबा उघडला. राळ्यांत खोचलेली एक पाचाची नोट होती. खाली दोन दोनाच्या आणि दोन एकाच्या. अकरा रुपये.

सरांना आधी काही समजलं नाही. मग हॅट आठवली, नळकांडं आठवलं, 'फकस्त लिटर' आठवलं, आणि घाम फुटला. आपल्याला वजनमापांचा तपासनीस समजले होते! तेरा वर्षांच्या नोकरीत खडूचा तुकडासुद्धा घरी न आणलेल्या माणसाच्या डब्यात लाचेचे अकरा रुपये होते.

"परत करा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"कोणाला? नोटांवर नावं नाहीत."

"मग देवळाच्या पेटीत टाका."

"तसं करू नका," बन्सीभाऊ घाईने म्हणाले. "आला तो माल आधी जमा दाखवायचा. जमा न दाखवलेला माल म्हंजे चोरीचा माल. रकाना काढा."

म्हणून एकोणिसावा रकाना निघाला. तक्त्याला चौथा कागद चिकटला, तो उंबऱ्याबाहेर गेला. सरांनी रकान्यावर 'जमा' लिहिलं आणि खाली, सत्याला धरून पण इज्जत सांभाळून, नोंद केली: 'खर्डा येथील व्यापारी मंडळींकडून, न मागता, रु. ११.००'.

मुक्ताबाई म्हणाल्या, "हे पुण्याला पाठवू नका हो." पण खरी बेरीज लपवणं सरांच्या रक्तात नव्हतं.

मंडळाचं उत्तर या वेळी आठ दिवसांत आलं, आणि त्यातला सूर अगदी वेगळा होता. 'स्थानिक व्यापाऱ्यांनी संशोधनास न मागता वर्गणी द्यावी, असे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडत आहे. आपले हार्दिक अभिनंदन. सोबत पावतीपुस्तक पाठवीत आहोत. प्रत्येक देणगीदारास रीतसर पावती देऊन त्याची सही घ्यावी. सदर अकरा रुपये दुसऱ्या हप्त्यातून वजा करण्यात येतील.'

सर पत्र हातात धरून बसून राहिले. लाच देणाऱ्याला पावती द्यायची होती, वर त्याची सही घ्यायची होती, आणि ते पैसे आपल्याच खिशातून जाणार होते.

"आता काय करणार?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"खर्ड्याला जाणार," सर म्हणाले. "खरं काय ते सांगणार आणि पैसे परत देणार. हसले तर हसू देत."

"हॅट ठेवून जा," मुक्ताबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत मिळालेला हा एकच उपयोगी सल्ला होता.

पण हिशेब विचारला तर दाखवायला हवा म्हणून त्यांनी तक्ता जपून गुंडाळून घेतला, आणि सवयीने राळ्याचा डबा आणि नळकांडंही.

बाजाराचाच दिवस होता. सर थेट कानिफनाथाच्या दुकानात गेले आणि पावतीपुस्तक काउंटरवर ठेवलं. "तुम्ही डब्यात किती ठेवले होते? पाच की दोन?"

कानिफनाथ पाहत राहिला. "हे काय हाय, सायेब?"

"पावती."

"पावती?" त्याचा आवाज चिरकला. "सायेब, असल्या पैशाची पावती आस्ती व्हय? मला काय जेलात घालता का?" आणि तो मोठ्याने म्हणाला, "मी न्हाई ठिवले! मी पाच रुपये ठिवलेच न्हाईत!"

त्यामुळे पाचाची नोट कोणाची हे कळलं, पण गर्दीही जमली. गर्दीतून एक सावळा, शांत चेहऱ्याचा, धोतर-कोट घातलेला माणूस पुढे आला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं. "मी गोरक्षनाथ खेडकर. वजनमापांचा निरीक्षक. हे कोण?"

नोकरी, अब्रू, शाळेतली पोरं, मुक्ताचा चेहरा असं सगळं एका क्षणात सरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. तेवढ्यात कानिफनाथाने आपली कातडी वाचवायला बोट दाखवलं. "हेच मागं आल्ते, सायेब! तुमच्या नावानं!"

"माझ्या नावानं पैसे घेतले?"

"मी घेतले नाहीत," सर म्हणाले. "ते डब्यात निघाले. आणि मी ते जमा दाखवलेत." शेवटच्या वाक्यात त्यांना थोडा धीर आला. "रकाना आहे."

"रकाना दाखवा," निरीक्षक म्हणाले.

चावडीच्या ओट्यावर तक्ता पसरला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. तरी मधला भाग वाऱ्याने फडफडू लागला, तेव्हा बाजारात मटकी विकायला आलेल्या कडूबाई नावाच्या म्हातारीने पुढे होऊन त्यावर आपली पिशवी ठेवली आणि तिथेच बसकण मारली. निरीक्षक गुडघ्यांवर बसून, बोटाने ओळ धरून वाचू लागले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या कपाळावर आठी होती.

"खळीसाठी पीठ, एक वाटी?"

"हो."

"खोडरबर. खोडरबर. पुन्हा खोडरबर."

"त्याचं कारण सांगतो..."

"कोंबड्या, संख्या अनिश्चित?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. निरीक्षकांनी हसू दाबलं. मग त्यांनी एकोणिसावा रकाना वाचला, 'न मागता' पर्यंत पोचले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा वाचायला गेले आणि पुन्हा त्यांना हसू फुटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "वीस वर्षं या नोकरीत आहे. लाच नाकारलेली पाहिली, घेतलेलीही ऐकली. आडव्या-उभ्या बेरजेत जुळवलेली पहिल्यांदाच पाहिली." मग ते कानिफनाथाकडे वळले. "आणि तू रे? माझ्यापुढे कधी पैसे काढलेस का?"

"न्हाई सायेब. तुमी घेत न्हाई, म्हनून तर भ्या वाटतं," कानिफनाथ म्हणाला. "आमाला वाटलं, तुमची बदली झाली. सुटलो."

आता सगळा बाजार हसला. सर उठून उभे राहिले. हसण्याची धास्ती त्यांना भिंगारपासून होती, पण प्रत्यक्षात ते हसणं अंगावर आलं तेव्हा त्यांना नवल वाटलं, कारण ते बोचत नव्हतं. त्यांनी खिशातून अकरा रुपये काढून तक्त्यावर ठेवले. "ज्याचे त्याने घ्यावेत. मी शाळामास्तर आहे. मला तुमच्या पायल्या जप्त करायच्या नव्हत्या. गावोगाव पायली किती वेगळी भरते, तेवढं लिहून ठेवायचं होतं. पुढच्या पोरांना कळणारही नाही, पायली काय होती ते."

कडूबाई म्हणाल्या, "मास्तर, नुस्तं मोजायचं व्हय? न्ह्यायचं न्हाई?"

"नुसतं मोजायचं, आजी."

"मंग आदीच न्हाई का सांगायचं! डोस्क्यावर ती टोपी घालून कशाला हिंडत हुता?"

"पण," निरीक्षक घसा साफ करून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बाजारात जुनं माप माझ्या डोळ्यांना दिसलं तर मला ते जप्त करावं लागेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी आता चहाला जातो. मला गरम चहा चालत नाही. तो निवेपर्यंत तासभर तरी लागेल."

ते पाठ फिरवून गेले आणि खर्ड्याचा बाजार उठला. बायका घराकडे पळाल्या. माळ्यांवरून, कणगीतून, धान्याच्या पोत्यांतून मापं बाहेर आली. पितळेच्या पायल्या, लाकडाच्या, पत्र्याच्या, एक तर तोफेच्या धातूची म्हणून सांगितली गेली. कडूबाईंची पायली त्यांची नात घेऊन आली. सरांनी राळे भरले, हाताने सपाट केले, नळकांड्यात ओतले. एक, दोन, तीन, चार लिटर आणि वर पाव.

"सव्वाचार," सरांनी जाहीर केलं.

"म्या म्हनलंच हुतं, आमची पायली जास्त भरती," कडूबाई गर्दीकडे बघून म्हणाल्या.

इतक्यात कोणीतरी कानिफनाथाच्या दुकानामागून दोन पायल्या आणल्या. कानिफनाथ म्हणाला, एकच मोजा, दुसरी तशीच हाय. लोक म्हणाले, दोन्ही मोजा. पहिली चार लिटर तीनशे भरली. दुसरी तीन लिटर आठशे. सर शास्त्रीय कुतूहलाने म्हणाले, "एकाच दुकानात एवढा फरक! असं का?"

कारण त्या जागी जमलेल्या प्रत्येकाला समजलं होतं. न समजलेले एकटे सर होते. "एक माझ्या बापाची," कानिफनाथ घाईने म्हणाला, "आन् एक सासऱ्याची."

"आन् घ्यायची कंची, बापाची? द्यायची सासऱ्याची?" कडूबाईंनी विचारलं.

जो हशा उसळला त्याने देवळावरची कबुतरं उडाली. कानिफनाथ आधी लाल झाला, मग स्वतःच हसू लागला. दुसरा मार्गच नव्हता. त्याने दुकानातून गूळ-शेंगदाण्याची टोपली आणून मध्ये ठेवली आणि धाकट्या पायलीवर पाय देऊन ती सगळ्यांसमोर चेपली. चेपायच्या आधी सरांनी तिची नोंद मात्र करून घेतली.

अकरा रुपये शेवटपर्यंत कोणी उचलले नाहीत. उचलणं म्हणजे कबूल करणं होतं. अखेर कडूबाईंनी ते सरळ भज्याच्या गाडीवाल्याकडे पाठवले, आणि चावडीभर गरम भजी फिरली. त्या अकरा रुपयांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो: मंडळाने 'वर्गणीदारांनी वर्गणी स्वतःच खाल्ली' अशी नोंद मान्य केली, निरीक्षकांचं पत्र जोडलेलं होतं म्हणून. दुसरा हप्ता एप्रिलात पूर्ण मिळाला.

चावडीवर त्या दुपारी बावीस मापं मोजून झाली. नगरची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली तरी सर उठेनात. कंडक्टर त्यांना शोधत आला, कारण तक्त्याचं एवढं भेंडोळं घेऊन उतरलेला उतारू त्याच्या चांगलाच लक्षात होता. "चला मास्तर! काय लावलंय?"

"पायली मोजतायत. खर्ड्याची सगळ्यात मोठी," कडूबाई म्हणाल्या.

कंडक्टर थबकला. "सगळ्यात मोठी? आजी, आमची तिसगावची पायली बघा आधी!"

"आना की मंग!"

कंडक्टरने तिसगाव तर आणलं नाही, पण गाडीत बाजार करून निघालेल्या बायका होत्या, आणि त्यांच्या टोपल्यांत काय नव्हतं! गाडी सुटली तशी मागच्या बाकावर पहिली पायली निघाली, अरणगावच्या बाईची. सर डबा मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की राळे उडत, आणि सगळी गाडी 'सांभाळा!' म्हणून ओरडे. ड्रायव्हर न सांगता हळू चालवू लागला. जामखेडला थांबली तर कंडक्टरने स्वतः उतरून पानवाल्याच्या घरून अधोली मागवली. तिथे बारा मिनिटं गेली. पुढे कडा गावाला एक म्हातारा पायली घेऊन गाडीतच चढला, मोजून घेतली आणि तिकीट न काढता खाली उतरला. कोणी त्याला अडवलं नाही. मोठी कोणाची यावर दोन गावांचं भांडण जुंपलं, तेव्हा सरांना वर्गात करतात तसं टाळी वाजवून गप्प करावं लागलं, आणि पन्नास माणसं पहिलीच्या पोरांसारखी गप्प बसली. वहीत एकामागून एक गावं चढत होती. त्यासाठी सरांनी सहा फेऱ्यांचा अंदाज धरला होता. खिडकीतून वारा येत होता, केसांत राळे होते, आणि आपण इतके आनंदात शेवटचे कधी होतो, हे सरांना काही केल्या आठवेना.

गाडी नगरला पोचली ती पाऊण तास उशिरा. कंट्रोलर पेन उघडून बसला होता. "कारण काय लिहू? टायर?"

"न्हाई," कंडक्टर म्हणाला. "पायली लिहा."

"पायली? अरे, पायली म्हणजे किती वेळ?"

कंडक्टरने मागे वळून सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली.

"ते गावागनिक येगळं हाय, सायेब," कंडक्टर म्हणाला.